रुमालाखाली

पिशवीवर बॉलपेननं लिहिलेलं : भूपाल मगदूम, कसबे डिग्रज.
हळद, चौथा महिना, खोली एक वीत.
सोबत वर्तमानपत्रात बांधलेली दुसरी पुरचुंडी,
तिच्यावर काहीच नाही. बांधावरची हराळी, मातीसकट.
"खुरप्याबरोबर आली, राहू दे," म्हणाले.

मी मुळं धुते. बावीस वर्षं धुतेय.
नळाची धार करंगळीएवढी ठेवायची,
मग पोटॅशच्या पाण्यात उकळायची, पांढरीफटक होईतो,
मग निळ्या रंगात.
पाण्यात हलवलं की मूळ रंग सोडून देतं,
बुरशी सोडत नाही.
काच, थेंब, वर दुसरी काच.

आणि मोहरीत हजारो मावतील अशा एका खोलीत
निळं झाड उभं.
फांदीला फांदी, तिला फांदी,
पान एकही नाही.
आत शिरतं, पण पेशीचा पडदा फाडत नाही;
पडदा त्याच्या बोटाबोटावरून ओघळतो
आणि मधे राहतो.

अब्बांनी दाखवलेलं एकदा.
बाबालाल तांबोळी, सांगलीच्या हळद पेठेत मापाडी.
अडत्या आणि खरीददार समोरासमोर,
मधे रुमाल, रुमालाखाली हात.
तोंडानं पोराच्या शाळेची चौकशी,
खाली कुठलं बोट, कितवं पेर, किती वेळ दाबलं.
फोडलेल्या पोत्यातली हळद साऱ्या पेठेला दिसायची,
भाव दोनच हातांना ठाऊक.

इथंही तेच. मूळ साखर देतं, बुरशी स्फुरद.
कुणी किती दाबलं, वरच्या पानाला पत्ता नाही.
आठवडाभरात झाड विरून जातं.
हात सुटतो. दुसरा शिरतो.

शंभर तुकडे मोजले. अकरा निळे.
"अकरा म्हंजे नापास?"
म्हटलं, डीएपी किती टाकता?
मगदूमांनी आकडा सांगितला नाही, खिडकीबाहेर बघितलं.
घरात पोत्यांची थप्पी लागली की
बाजाराला कोण जातंय?
मूळ हातच पुढं करत नाही.

हराळी मी उगाच बघितली, दुपारी डबा खाऊन.
शंभरात एक्क्याऐंशी.
जिच्यावर दरसाल तणनाशकाचा पंप रिकामा होतो
ती बांधावर अख्खी पेठ भरवून बसलेली.

मगदूम बराच वेळ नळीला डोळा लावून होते.
चतुर्दशी होती, उपास असावा, चहाला नको म्हणाले.
"हे उकळलं, तवा जित्तं होतं?"
होतं.
"एका इंद्रियाचा जीव."
मी म्हटलं, मला तुकडे मोजायला शिकवलंय, इंद्रियं नाही.
ते हसले नाहीत.
"आणि मी रानात मारले, ते कुठल्या रजिस्टरात?"

पंखा फिरत होता. मी काच धुवायला टाकली.

अब्बा आता बोलत नाहीत. झटक्यात उजवी बाजू गेली.
डावा हात चादरीखाली माझा हात शोधतो.
एक बोट, पाणी. दोन, कूस बदल.
त्या रात्री पाचही दाबली, मग मधल्या बोटाचं वरचं पेर,
बराच वेळ.
एवढा भाव पेठेत कधी फुटला नव्हता.
कशाचा, ते विचारायला तिसरं बोट नव्हतं आमच्याकडं.
मी पण दाबलं, तेवढंच.

अक्षय तृतीयेआधी मगदूम परत आले, या वेळी रिकाम्या हातानं.
बांधावरची माती, दोन पाट्या,
बेण्याखाली टाकली तर चालंल का?
मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या,
तीन हंगाम, चार वाफे, मग बघू.
मी म्हटलं, टाका. आणि पंप?

"पंप पोराच्या पाठीवर हाय," म्हणाले,
"त्याच्याशी सौदा व्हायचाय अजून."